राखलेला पाय

गोव्याच्या नव्या काबिजादींतील पेडणे आणि डिचोली या महालांत हाडाच्या कर्करोगाचे निदान झाले म्हणजे पूर्वी त्यापाठोपाठ पाय गमावल्याची वार्ता येई, आणि सुगीनंतरच्या मोकळ्या कुणग्यांत कालपरवापर्यंत चेंडूमागे धावणारा मुलगा पुढे कुबड्यांच्या आधाराने सोप्यावर येऊन बसे. हा व्याधी बहुधा ऐन वाढीच्या वयातच, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी वा नडगीच्या माथ्याशी उद्भवतो. त्यामुळे रात्री ठणकणारा गुडघा चेंडू लागून दुखावला असेल या समजुतीने तेल चोळण्यात नि पट्ट्या बांधण्यात महिने निघून जात. या विलंबाचा बोल आईबापांना लावण्यास माझे मन धजत नाही; त्या वयात गुडघा कोणाचा दुखत नाही?

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले खरे, परंतु १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत पेडणेकराला तेथे जाणे म्हणजे परक्या अमलाची सरहद्द ओलांडणे होते. शिवाय त्या काळी तेथे पोहोचलेल्यालाही अवयवच्छेदनावाचून अन्य उपाय नव्हता; आणि त्याहून दारुण गोष्ट ही की, पाय देऊनही पाचांपैकी सुमारे चौघे काही वर्षांतच दगावत, कारण रोगाचे अदृश्य कण बहुधा आधीच फुप्फुसांत जाऊन बसलेले असत.

पुढे पाय न कापता राखता येऊ लागला, आणि त्याचे श्रेय आपण धातूच्या सांध्याला देतो. मला ते प्रथम औषधांना द्यावेसे वाटते. १९७० नंतरच्या दशकात मेथोट्रेक्सेट आणि ॲड्रियामायसिन यांचा उपयोग सुरू झाला, आणि रोग अन्यत्र पसरलेला नसल्यास दहांपैकी सहासात रुग्ण जगू लागले, तेव्हाच शल्यविशारदांना पायाचा विचार करण्याची उसंत मिळाली. आधी काही आठवडे ही औषधे, म्हणजेच केमो, मग रोगग्रस्त हाड भोवतालच्या निरोगी मांसाच्या आवरणासह काढणे, आणि त्याच्या जागी बिजागरीचा धातूचा सांधा बसवून त्याचा दांडा उरलेल्या हाडाच्या पोकळीत रोवणे, असा हा क्रम होय. परदेशी सांधा सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून चेन्नईचे अस्थिशल्यविशारद मयिलवाहनन नटराजन यांनी आणि परळच्या शल्यविशारदांनी देशी सांध्यांसाठी केलेले परिश्रम मला फार मोलाचे वाटतात. नटराजन यांना २००७ साली पद्मश्री मिळाली.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि पेडण्याहून मुंबईस जाणे सुकर झाले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी गोरगरिबांस आसराही मिळू लागला. परंतु खरी कसोटी लागते ती घरी परतल्यावर. मांडीचे स्नायू अंशतः गेलेले, केमोने अंगातली शक्ती ओसरलेली; अशा स्थितीत पलंगाच्या कडेला बसून गुडघा रोज थोडा अधिक वाकवावयाचा आणि स्वतःच्या बळाने पुन्हा सरळ करावयाचा. नडगीचा वरचा भाग बदलला असेल तर वाटीखालचा स्नायुबंध जुळून येईपर्यंत पाय कित्येक आठवडे सरळच ठेवावा लागतो, आणि मुलाच्या अधीरतेपुढे आईची त्रेधा उडते. जमिनीवर मांडी घालून जेवणे सुटते, पाटाची जागा खुर्ची घेते, चेंडूचा खेळ वर्ज्य होतो. झीज झाली, सांधा सैल पडला वा जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येते.

तरीही मुलगा चालू लागतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांशी आल्यावर तो क्षणभर थबकतो. चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी नव्या सांध्याचा पाय खाली, हा शिकवलेला क्रम मनाशी म्हणतो, आणि कठड्याला हात न लावता अंगणात उतरतो.