ट्युलिपचा हिवाळा फ्रिजमध्ये
कुंडीतले कंद : भाग ६

ट्युलिपचा एक टणक कंद सप्टेंबरअखेरीस उभा चिरून पाहा. पांढऱ्या, रसरशीत थरांच्या ऐन मध्यात एक इवलासा कोंब दिसेल. त्याच्या टोकाशी भिंग धरलं तर पाकळ्या, पुंकेसर आणि मधला स्त्रीकेसर असं सगळं फूल तयार असतं. आधीच्या उन्हाळ्यात, वरची पानं वाळून गेल्यावर, कंदाने ते आतल्या आत घडवलेलं असतं. हॉलंडमधले बागायतदार कंद थंडीत ठेवण्याआधी त्यांतले काही चिरून हेच तपासतात. फूल पुरतं घडलेलं नसेल तर थांबतात.

म्हणूनच गेल्या आठवड्यातल्या निशिगंधाची रीत इथे चालत नाही. निशिगंधाला खत आणि ऊन दिलं की तो फुलतो. ट्युलिपचं फूल आधीच तयार आहे, त्याला लागणारं अन्नही कंदातच साठलेलं आहे. आपल्याकडे उणीव आहे ती थंडीची.

ट्युलिप मूळचे मध्य आशियातल्या तिएन शान आणि पामीरच्या डोंगरउतारांवरचे. तिथे लांबलचक बर्फाळ हिवाळा, मग थोडक्या दिवसांचा वसंत आणि मागोमाग कोरडा उन्हाळा. हिवाळ्यात कंद निपचित पडलेला वाटतो, पण आत पिष्टाची साखर होत असते आणि दांडा लांबवणाऱ्या संप्रेरकांची तयारी चाललेली असते. ही थंडी मिळाली नाही तरी कंद मरत नाही. पानं येतात, फूल मात्र आतच सुकतं, नाहीतर आखूड दांड्यावर पानांच्या बेचक्यात कसंबसं उघडतं. कोकणच्या सड्यावर दीपकाडीचा कंद पहिल्या पावसाची वाट पाहतो. ट्युलिपचा कंद थंडी सरण्याची.

श्रीनगरमधल्या ट्युलिप बागेत हे काम निसर्गच करतो. हिवाळ्याआधी लावलेले कंद मार्चअखेर-एप्रिलमध्ये फुलतात. पुण्या-नाशिकच्या थंडीवर मात्र विसंबू नका. डिसेंबरात पहाटे पारा दहापर्यंत उतरतोही, पण दुपारी तीसच्या आसपास जातो. कंदाला सलग १२ ते १४ आठवडे ९ अंशांखालचं तापमान हवं. ते आपल्याकडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यातच मिळेल. फ्रीझरमध्ये मात्र मुळीच नको, तिथे कंद गोठून मऊ पडतो.

कंद भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत ठेवा. आणि इथे माझा आग्रह आहे: त्या फ्रिजमध्ये फळं ठेवू नका. सफरचंद, पेर, पिकलेला चिकू यांच्यातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि कंदातली कोवळी कळी त्याने करपते. बाहेरून काही कळत नाही. तीन महिन्यांची वाट पाहणं वाया गेलं हे जानेवारीत रिकामी पानं पाहून समजतं. बुरशीने सडलेला कंदही हाच वायू सोडतो. त्यामुळे दर पंधरवड्याला पिशवी उघडून कंद दाबून पाहा. मऊ पडलेला, आंबूस वासाचा कंद लगेच बाहेर काढा.

खरेदी करताना १२ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घेराचे, हाताला जड लागणारे कंद निवडा. कुंडीसाठी ट्रायम्फ गटातले वाण चांगले. कंदांना आधी थंडी दिली आहे का, किती आठवडे, हे विक्रेत्याला विचाराच. दिली असेल तर तेवढे आठवडे वजा करा, पण लावेपर्यंत कंद फ्रिजबाहेर ठेवू नका.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला फ्रिजमध्ये गेलेले कंद डिसेंबरअखेर लावायचे. कुंडी मातीची घ्या. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि मुळं गार राहतात. मुंबईच्या दमट हवेत हा फायदा कमी, पण आहे. माती, कोकोपीट आणि जाडसर वाळू यांचं निचऱ्याचं मिश्रण पुरे. आठ इंची कुंडीत सहा-सात कंद एकमेकांना न टेकता बसतात. प्रत्येक कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या काठाकडे करा. पहिलं रुंद पान त्या बाजूला येतं आणि बाहेर झुकून कुंडी भरल्यासारखी दिसते. बुडाशी मुळांच्या चकतीभोवतीचं तपकिरी साल हलकेच सोलून टाका, म्हणजे मुळांना अडथळा होत नाही. टोकं जेमतेम झाकतील एवढीच माती वर घाला, कारण मुळांना खाली जागा हवी.

पहिले आठ-दहा दिवस कुंडी सावलीत, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात असू द्या. त्यानंतर फक्त सकाळचं कोवळं ऊन. माती ओलसर हवी, चिखल नको. साधारण पाच-सहा आठवड्यांत कळी रंग धरते. फूल ऊब लागली की उघडतं, गारव्यात मिटतं. म्हणून रात्री कुंडी गॅलरीत गारव्याला ठेवली तर ते दोन-तीन दिवस जास्त टिकतं.

फुलून गेल्यावर कंद पुढच्या वर्षासाठी जपावा, असं अनेकांना वाटतं. महाराष्ट्रात मी तो सल्ला देणार नाही. लावलेला कंद फुलताना स्वतः संपून जातो आणि त्याच्या जागी पिल्लं धरतात. ती पोसायला फुलानंतर काही आठवडे गार हवा आणि हिरवी पानं लागतात. इथे मार्चचं ऊन पानं करपवून टाकतं, पिल्लं लहानच राहतात आणि लहान कंदात फूल घडत नाही. दरवर्षी नवे कंद आणायचे, हे धरूनच चाला.

ज्यांना फ्रिजमधली फळं हलवणं शक्य नाही, त्यांच्यासाठी पुढच्या भागात झुपकेदार पांढऱ्या नर्गिसचा कंद घेऊ. त्याला थंडी द्यावी लागत नाही.