‘निराशेचे वय’

समाजाने एखाद्या वयाला दिलेल्या नावावरून त्याच्या मनाचा थोडाफार अंदाज बांधता येतो. स्त्रीच्या ऋतुसमाप्तीला मराठीत आपण ‘रजोनिवृत्ती’ म्हणतो. ‘निवृत्ती’ हा शब्द आम्हां सरकारी नोकरांना तरी अपरिचित नाही. सेवा पुरी झाल्याचे समाधान त्यात आहे. अरबी भाषेत मात्र याच अवस्थेला ‘सिन्न अल्-यास’, म्हणजे ‘निराशेचे वय’, असे म्हणतात. मग अरब स्त्री या वयात खरोखरच निराश होते काय?

कुराणाच्या ६५व्या अध्यायात घटस्फोटितेच्या ‘इद्दती’चा, म्हणजे पुनर्विवाहापूर्वी थांबण्याच्या मुदतीचा, नियम आहे. ज्यांना ऋतुप्राप्तीची आशा उरली नाही, अशा स्त्रियांसाठी ती मुदत ३ महिने सांगितली आहे. तेथे आशा सुटली आहे ती पाळीची; आयुष्याची नव्हे. परंतु त्याच धातूपासून बनलेल्या या नावाची छाया पुढे साऱ्या वयावर पडली.

प्रत्यक्ष अनुभव निराळाही असतो. पाळीच्या दिवसांत मुस्लिम स्त्रीला नमाज माफ असतो, आणि रमजानचे सुटलेले रोजे तिला मागाहून भरून काढावे लागतात. ऋतू थांबला, की उपासनेतील हा खंड संपतो. गरोदरपणाची धास्ती सरते. मुले कर्ती झालेली असली, तर घरात तिच्या शब्दाला वजन येते. इस्राएलमधील पाच समाजगटांतील मध्यमवयीन स्त्रियांचा एक अभ्यास १९८१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांत खेड्यांतील मुस्लिम अरब स्त्रियाही होत्या. प्रजननक्षमता संपल्याचे स्वागतच करण्याकडे पाचही गटांचा कल आढळला.

म्हणून सारे सुखाचेच आहे, असे नव्हे. अंगाची आग होणे, झोप उडणे, सांधे दुखणे या तक्रारी तेथेही आहेत. जिची कूस उजवली नाही, किंवा नवरा दुसरे लग्न करील असे भय जिला वाटते, तिला हा शब्द फार बोचतो.

अलीकडे ‘सिन्न अल्-अमल’, म्हणजे ‘आशेचे वय’, असे नाव सुचविले जाते. नाव बदलल्याने अंगाचा दाह शमत नाही, हे खरे. परंतु ज्या अवस्थेचे नाव घेताना मान खाली घालावी लागत नाही, तिच्यावर उपाय विचारण्यास स्त्री संकोचत नाही.