रेक्टर नव्हे, हाऊसमास्टर!

होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही विचारा, रेक्टर म्हणजे कोण? रात्री गेट बंद करणारा आणि 'घरी फोन लावू का?' म्हणणारा माणूस! मीही अशाच राज्यात चार वर्षं काढलीत. म्हणूनच इंग्लंडमधल्या 'हाऊसमास्टर'बद्दल वाचताना जाम कुतूहल वाटलं.

यॉर्कशायरमधलं ॲम्पलफर्थ. फ्रेंच राज्यक्रांतीत फ्रान्समधून पळालेले बेनेडिक्टाइन संन्यासी १८०२ मध्ये इथे स्थिरावले आणि त्यांनी मुलांची शाळा काढली. हॅरी पॉटरमुळे 'हाऊस' आपल्याला पाठ आहेच. इथली हाऊसेस संतांच्या नावांची. मुलं तिथेच राहणार, तिथेच झोपणार, त्याच हाऊससाठी मॅच खेळणार. आणि वर हाऊसमास्टर, कित्येक दशकं बहुधा संन्यासीच. घरची आठवण येऊन कोण रडतंय, कोण चोरून सिगरेट ओढतंय, सगळं त्याला माहीत असायला हवं. रेक्टर, क्लासटीचर आणि बाबा, तिन्ही एकाच झग्यात!

बेसिल ह्यूम हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. १९५५ ते १९६३ ते सेंट बीड्स हाऊसचे हाऊसमास्टर. भाषा शिकवायचे, रग्बीचं कोचिंग करायचे, न्यूकॅसल युनायटेडचे पक्के फॅन. पुढे मठाधिपती झाले आणि १९७६ मध्ये थेट वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप, कार्डिनल. सही ना?

इथवर गोड. पण २०१८ मध्ये इंग्लंडच्या सरकारी चौकशीचा अहवाल आला. ॲम्पलफर्थ आणि डाउनसाइड या दोन शाळांशी संबंधित दहा जण, बहुतेक संन्यासी, मुलांच्या लैंगिक शोषणाशी निगडित गुन्ह्यांत दोषी ठरले होते किंवा त्यांना पोलिसांची ताकीद मिळाली होती. ह्यूम मठाधिपती असताना, १९७५ मध्ये, एका संन्यासी शिक्षकाविरुद्ध तक्रार आली. त्याला तिथून हलवलं, पोलिसांना कळवलं नाही. तो तुरुंगात गेला २००६ मध्ये.

मला खटकतं ते हे, की शिकवणारे, झोपवणारे, शिक्षा देणारे, कन्फेशन ऐकणारे, सगळे एकाच मठातले. मग पोरानं जायचं कुणाकडे? ह्यूमसारखा प्रेमळ माणूससुद्धा शेवटी घरातली गोष्ट घरातच ठेवत होता.

आता शाळेत मुलीही आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये मुलांच्या सुरक्षेच्या मुद्द्यावर सरकारने नवे प्रवेश बंद केले होते, ते २०२१ मध्ये सुरू झाले.

तुमच्या भाच्याला होस्टेलवर टाकायचं चाललंय? मेस बघा, ग्राउंड बघा आणि रेक्टरसरांना एवढंच विचारा, 'सर, तुमच्याबद्दलच तक्रार असेल तर यानं फोन कुणाला करायचा?'