डिझाईन म्हणजे नक्षी नव्हे!

आपल्या बाजारात 'डिझाईन' हा शब्द ऐकला की साडीचा काठ, मेंदीची पाने किंवा स्टीलच्या ताटावरची फुले डोळ्यांसमोर येतात. दुकानदारही गिऱ्हाइकाला सांगतो, "माल तोच आहे, डिझाईन नवीन आले आहे." माल वेगळा आणि डिझाईन वेगळे, अशी ही समजूत आहे. मी प्रॉडक्ट डिझाईनचा, म्हणजे रोजच्या वापरातील वस्तूंच्या रचनेचा विद्यार्थी आहे. या अभ्यासात सर्वप्रथम याच समजुतीला रजा द्यावी लागते. वस्तू कोण वापरणार, कोणत्या हाताने वापरणार, किती उजेडात वापरणार, बिघडली तर दुरुस्त कोण करणार आणि ती किती रुपयांत तयार होणार, या सर्व प्रश्नांची उत्तरे मिळून वस्तूला जे रूप येते त्याला डिझाईन म्हणतात. नक्षी हा त्यातला एक भाग आहे, आणि तोही शेवटचा.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. भांडी, प्लॅस्टिकच्या बादल्या, कुलुपे, चपला, स्वयंपाकाची उपकरणे बनविणारे आपल्याकडील बहुतेक लहान कारखानदार बाजारात चाललेल्या मालाची नक्कल करतात आणि दोन रुपये भाव कमी लावतात. शेजारचा कारखानदार चार रुपये कमी करतो. मग पत्रा पातळ होतो, कारागिराची मजुरी कापली जाते, नफा उरत नाही आणि गिऱ्हाईकही शिव्या देत परत येते. या चक्रातून बाहेर पडण्याचा एक रस्ता डिझाईनमधून जातो. तो वाटतो तितका खर्चिकही नाही.

लोट्याची साक्ष

१९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाईनर दांपत्य आपल्या देशात आले. गावोगावी फिरून त्यांनी एक अहवाल लिहिला. भारतात पाहिलेल्या असंख्य वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत अधिक भावला तो आपला साधा लोटा! तो सुंदर दिसतो एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यात किती पाणी मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना व रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, हातात तो कसा बसतो, त्याची किंमत काय आणि जुना झाल्यावर त्याच्या धातूचे किती पैसे परत येतात, अशा प्रश्नांची यादीच त्यांनी मांडली. लोटा कोणा एका माणसाने बनविलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांनी आणि वापरणाऱ्यांनी तो सुधारत नेला. याच अहवालाच्या आधारे १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. पुढे १९६९ मध्ये मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये औद्योगिक डिझाईन केंद्र सुरू झाले.

यातून आपल्या कारागीर बांधवांनी घ्यावयाचा बोध असा की, चांगली रचना ही काही परदेशातून आणावयाची चीज नव्हे. हुनर आपल्याकडे होता आणि आहे. प्रश्न विचारण्याची सवय मात्र सुटली आहे.

न बोलता शिकविणाऱ्या वस्तू

चांगल्या वस्तूची पहिली खूण अशी की, ती वापरण्यासाठी सूचना वाचावी लागत नाही. घरातील तीन पिनांचा प्लग पाहा. त्याची वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब व जाड असते. ती अर्थिंगची पिन होय. लांब असल्याने प्लग लावताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. ज्या सॉकेटमध्ये आतून झडपा असतात, तेथे याच लांब पिनेने त्या उघडतात. त्यामुळे लहान मुलाने खालच्या छिद्रात तार घालण्याचा प्रयत्न केला तरी झडप आड येते. जाड असल्याने ती चुकीच्या छिद्रात जातच नाही. वापरणाऱ्याला यातले काहीही ठाऊक नसले तरी त्याचा जीव सुरक्षित राहतो.

दुसरे उदाहरण आतून झाकण बसणाऱ्या प्रेशर कुकरचे. आत वाफ कोंडली की तीच वाफ झाकणाला काठाशी घट्ट दाबून धरते. दाब असेपर्यंत झाकण उघडतच नाही. घाई झालेल्या गृहिणीने जोर लावला तरी वस्तू तिला अपघात करू देत नाही.

बॉलपेनचेही तसेच आहे. फ्रान्समध्ये मार्सेल बिक यांनी १९५० साली बाजारात आणलेले पेन षट्‌कोनी आहे, त्यामुळे ते टेबलावरून सहजासहजी घरंगळत नाही. १९९१ पासून त्याच्या टोपणाच्या टोकाला भोक ठेवण्यात आले. मुलाने टोपण गिळले आणि ते श्वासनलिकेत अडकले, तर त्या भोकातून थोडी तरी हवा जावी हा त्यामागचा हेतू. भोकाला जास्तीचे प्लॅस्टिक लागत नाही, पण ते एखाद्या मुलाचा जीव वाचवू शकते.

दोष माणसाचा की वस्तूचा?

आता उलट बाजू पाहू. आपल्या घरातील स्विचबोर्डवर एकसारखी सहा-आठ बटणे एका ओळीत असतात. पाहुण्याला पंखा लावावयाचा असेल तर तो आधी ट्यूबलाईट घालवितो, मग बाहेरचा दिवा लावतो आणि शेवटी घरच्यांना विचारतो. दोन शेगड्यांच्या गॅसला हा त्रास नाही, कारण प्रत्येक चावी आपापल्या शेगडीसमोर असते. तीच शेगडी चार बर्नरची झाली आणि चाव्या एका ओळीत आल्या की पुढच्या बर्नरची चावी कोणती व मागच्याची कोणती, हे रोज आठवावे लागते. चावीजवळ छापलेली खूण घासून घासून सहा महिन्यांत पुसली जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात दरवाजे, शेगड्या अशीच उदाहरणे घेऊन दाखवून दिले की, माणसे एखादी वस्तू वापरताना वारंवार चुकत असतील तर दोष बहुधा माणसांचा नसून त्या वस्तूच्या रचनेचा असतो.

औषधाच्या पट्टीचा प्रश्न तर अधिक गंभीर आहे. वापराची अंतिम तारीख पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. आपल्याकडे गरीब माणूस पूर्ण पट्टी घेत नाही. दोन-चार गोळ्या कापून घेतो. ज्या तुकड्यावर तारीख आहे तो दुकानात राहतो आणि बिनतारखेच्या गोळ्या घरी येतात. घरातील वृद्ध आई त्या डब्यात ठेवून देते व सहा महिन्यांनी पुन्हा काढते. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील ३०० प्रमुख औषध-ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड आला आहे. बनावट औषध ओळखण्यासाठी तो उपयुक्त आहे, पण ज्या आईला मोबाईलचा कॅमेरा चालविता येत नाही तिला त्याचा काय उपयोग? माझ्या मते प्रत्येक गोळीच्या पाठीमागे तारीख ठळक छापावी. पट्टी कशीही कापली तरी तारीख गोळीबरोबर जाईल.

गॅस सिलिंडरवर तर माहिती मोठ्या अक्षरांत असते, तरी ती पोहोचत नाही. वरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर व दोन आकडे असतात. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' म्हणजे एप्रिल ते जून, 'सी' म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि 'डी' म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. 'बी-२८' असे असेल तर त्या सिलिंडरची पुढील तपासणी २०२८ च्या जूनअखेर व्हावयास हवी. तारीख उलटून गेलेले सिलिंडर घेऊ नये. पण किती घरांत हे ठाऊक आहे? माहिती छापणे एक आणि ती समजेल अशी देणे दुसरे.

येथे एका वाईट प्रथेचाही उल्लेख केला पाहिजे. बाटलीचा तळ आत ढकललेला, डब्याचे खोके मोठे आणि आत माल अर्धाच, अशी वेष्टने पुष्कळ दिसतात. वजन कायद्याप्रमाणे छापलेले असते, पण डोळ्याला फसविण्यासाठीच आकार निवडलेला असतो. जुन्या भाषेत याला 'मापात पाप' म्हणतात. ही डिझाईनची हुशारी नव्हे. असे गिऱ्हाईक एकदाच मिळते.

दुबळ्या हातासाठी बनवा, सर्वांना चालेल

चांगल्या रचनेने पैसा मिळतो काय? अमेरिकेतील सॅम फार्बर यांची हकीकत उद्बोधक आहे. ते भांड्यांच्या धंद्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नीच्या हातांना संधिवात होता आणि साल काढायचा साधा लोखंडी पीलर पकडताना त्यांना वेदना होत. फार्बर यांनी न्यूयॉर्कच्या एका डिझाईन संस्थेकडून जाड, मऊ, रबरासारख्या मुठीचा पीलर करून घेतला. बोटे टेकतील तेथे मुठीला बारीक खाचा ठेवल्या, जेणेकरून ओल्या हातातूनही तो निसटू नये. १९९० साली हा माल 'ऑक्सो' नावाने बाजारात आला. किंमत साध्या पीलरपेक्षा बरीच अधिक होती, तरी तो खपला. कारण दुखऱ्या हाताला जे सोयीचे, ते धडधाकट हातालाही आवडते.

आपल्याकडे याची उलट बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. गरिबाच्या घरात कमी किंमत हाही एक गुणच आहे. शाम्पूची छोटी पुडी याच विचारातून निघाली. ज्याला बाटली परवडत नाही त्याला एका वेळेपुरता माल मिळू लागला. परंतु ती पुडी ओल्या हातांनी फाटत नाही, दातांनी फाडावी लागते; आणि अनेक थरांचे ते प्लॅस्टिक भंगारवालाही उचलत नाही, ते गटारात जाते. किंमतीचा प्रश्न सुटला, बाकीचे दोन तसेच राहिले. ते सोडविणाऱ्याला बाजार मोकळा आहे.

लहान कारखानदाराने काय करावे?

१. आपला माल वापरणाऱ्यांच्या घरी जाऊन पाहा. विशेषतः स्त्रिया व वृद्ध तो कसा धरतात, कसा धुतात, कोठे ठेवतात, याची नोंद करा.

२. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला भेटा. कोणता भाग आधी तुटतो हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. चिकटविण्याऐवजी स्क्रू वापरला तर वस्तू उघडता येते व तिचे आयुष्य वाढते.

३. साचा बनविण्यापूर्वी पुठ्ठा, लाकूड किंवा थर्माकोलचा नमुना करा. प्लॅस्टिकचा साचा एकदा तयार झाला की चूक दुरुस्त करणे फार महाग पडते. पुठ्ठा चार वेळा कापला तरी काही बिघडत नाही.

४. तो नमुना पाच-सहा अनोळखी माणसांच्या हाती द्या आणि स्वतः गप्प राहा. समजावून सांगावे लागले, तर रचनेत उणीव आहे असे समजा.

५. नवे रूप तयार झाले की बाजारात आणण्यापूर्वी त्याची नोंदणी करा. डिझाईन कायदा, २००० अन्वये नोंदणी केलेल्या रूपाला १० वर्षे व मुदत वाढविल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. माल आधी उघड केला तर तो 'नवा' राहत नाही आणि नोंदणीचा हक्क जाऊ शकतो. हे संरक्षण वस्तूच्या बाह्य रूपाला आहे. तिच्या आतील यंत्रणेसाठी पेटंटचा मार्ग वेगळा आहे. दुसऱ्याच्या नोंदणीकृत डिझाईनची नक्कल करणेही या कायद्याने महागात पडू शकते, हे नक्कल करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

६. मदत घेण्यास संकोच करू नका. लघुउद्योगांसाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये 'डिझाईन क्लिनिक' योजना सुरू केली होती. मार्च २०२२ मध्ये 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' या नावाने इनक्युबेशन, डिझाईन व बौद्धिक संपदा यांसाठी एकत्रित योजना आली. सध्याच्या अटींची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. शिवाय डिझाईन महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना दरवर्षी अभ्यासासाठी खरे प्रश्न हवे असतात. कारखान्याचे दार त्यांच्यासाठी उघडले तर दोघांचाही फायदा आहे.

दुकानदार व ग्राहकांसाठी

दुकानदार बांधवांनी परत आलेला माल नुसता बदलून देऊ नये. तो का परत आला हे एका वहीत लिहून कारखानदाराला कळवावे. ही वही कारखानदाराला फुकट मिळालेला सल्लाच होय. ग्राहकांनीही वस्तू विकत घेताना तिचा चकचकीतपणा पाहण्याऐवजी ती हातात धरून, उघडून, बंद करून पाहावी. झाकण सहज निघते काय? कोपऱ्यात मळ साचेल काय? तुटलेला भाग बाजारात मिळतो काय? असे प्रश्न काउंटरवर रोज विचारले जाऊ लागले, तर ते आज ना उद्या कारखान्यापर्यंत पोहोचल्याशिवाय राहणार नाहीत. लोटाही असाच घडला होता.