स्टाफ तिकिटावर विमानप्रवास : जागा मिळाली तर विमान, नाहीतर रात्रीची बस!

इंदूर : "आमची मुलगी एअरलाइनमध्ये आहे, आता काय, विमान घरचंच!" इंदूरच्या लोकमान्य नगरात किंवा राजेंद्र नगरात कुणाकडे चहाला बसलात, तर हल्ली हे वाक्य कानावर पडतं. मराठी घरांतली बरीच मुलं-मुली आता विमान कंपन्यांत लागली आहेत. कुणी केबिन क्रू, कुणी काउंटरवर, तर कुणी इंजिनिअरिंगला. त्यांच्या नोकरीबरोबर आई-वडील, भाऊ-बहीण आणि काही कंपन्यांत पाहुणे किंवा मित्रांनाही सवलतीचा प्रवास मिळतो. बुऱ्हाणपूर, सेंधवा, रावेर, मुक्ताईनगर या पट्ट्यातले अनेक जण विमानासाठी इंदूर गाठतात. त्यामुळे "भाचीच्या स्टाफ तिकिटावर जाऊन येऊ का?" असं विचारणारे फोन आम्हालाही येतात.

उत्तर असं : जा, पण हे तिकीट म्हणजे नेमकं काय ते समजून जा. आम्ही न समजता गेलो होतो.

तिकीट आहे, जागा नाही

स्टाफ तिकिटाचे साधारण दोन प्रकार असतात. एकात जागा पक्की असते. ते बहुतेक कामावर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना किंवा वर्षातून ठरावीक वेळा मिळतं. दुसरं 'सब्जेक्ट टू लोड', म्हणजे विमान भरून जागा उरली तर. एअरलाइनवाले त्याला 'सबलो' म्हणतात, आपण 'स्टँडबाय' म्हणतो. पाहुण्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा हेच दुसरं येतं.

भुसावळ-खंडव्याकडच्या वाचकांना रेल्वेचा पास माहीत आहे. त्यावर आधी रिझर्व्हेशन करता येतं, बर्थ नंबर हातात येतो. वेटिंग असलं तरी चार्ट लागला की कळतं. स्टँडबायचा चार्ट लागतो तो विमान सुटायच्या तासभर आधी. आणि आरएसीसारखी अर्ध्या सीटवर बसून जायची सोय विमानात नाही.

नंबर कसा लागतो?

चेक-इन काउंटर साधारण विमान सुटायच्या एक तास आधी बंद होतं. पैसे भरलेले प्रवासी किती आले, किती नाही, ते तेव्हा कळतं. मग उरलेल्या जागांसाठी यादी उघडते. नियम कंपनीगणिक वेगळे आहेत, पण क्रम साधारण असा : ड्युटीवर जाणारे आधी, मग कंपनीचे स्वतःचे कर्मचारी, त्यांचं कुटुंब, निवृत्त कर्मचारी आणि शेवटाकडे पाहुणे व दुसऱ्या कंपन्यांचे लोक. एकाच गटातले दोघे असतील तर काही ठिकाणी नोकरीतली सिनिऑरिटी बघतात, काही ठिकाणी आधी कोण आलं ते. म्हणजे भाची कालच नोकरीला लागली असेल, तर तिचा मामा रांगेच्या शेपटीला.

विमानात रिकाम्या जागा दिसतात आणि तरी नकार मिळतो, असंही होतं. विमान किती वजन घेऊन उडू शकतं त्याला मर्यादा असते. मे महिन्याच्या दुपारी हवा तापून विरळ होते आणि ती मर्यादा आणखी खाली येते. लहान विमानाला हे जास्त जाणवतं. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ जागा, ए-३२० मध्ये १८० किंवा १८६. ७८ मधून तीन जागा सुटणं किती अवघड, ते सांगायला नको.

आमच्यावर आलेला प्रसंग

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पुण्याला मामेभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. आई, बायको आणि मी, तिघांची नावं भाचीने टाकली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच. इंदूरच्या विमानतळावर तीन तास आधी पोहोचलो. बोर्डिंग पास नसेल तर सुरक्षा तपासणीच्या पुढे जाता येत नाही, म्हणून चेक-इन हॉलमध्येच बसलो. काउंटर बंद झालं आणि आवाज आला, "दोन जागा आहेत. कोण जाणार, लगेच सांगा."

विचार करायला अर्धा मिनिट. आई एकटी जाऊ शकत नाही, म्हणून बायको आणि आई गेल्या. मी मागे राहिलो आणि काउंटरवर आवाज चढवला, "तिकीट आहे आमच्याकडे, असं कसं करता?" पाच मिनिटांत भाचीचा फोन. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, त्या तिकिटावर माझा एम्प्लॉयी नंबर आहे. तुम्ही भांडलात, तर तक्रार माझ्या नावावर लागते."

रात्रीच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, आईच्या बीपीच्या गोळ्या माझ्या बॅगेत आहेत. पुण्यात मामेभावाला रात्री अकराला मेडिकल शोधत फिरावं लागलं. मी सकाळी पोहोचलो, साखरपुडा मिळाला. पण ती रात्र काही विसरलो नाही.

नियम कुणाच्या बाजूने?

पक्कं तिकीट असून ओव्हरबुकिंगमुळे विमानात घेतलं नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमात भरपाई आहे. एका तासात सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन आकाराच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये. हे सगळं कन्फर्म तिकीटवाल्यांसाठी. स्टँडबायवाल्याला जागा मिळाली नाही तर त्याला 'नाकारलं' असं धरत नाहीत, कारण त्याला जागा दिलेलीच नव्हती. हॉटेल, जेवण, बसचं भाडं सगळं आपल्या खिशातून.

'फुकट' हा शब्दही पुरता खरा नाही. पाहुण्याला सवलतीचं भाडं आणि त्यावर कर, विमानतळाचे आकार भरावे लागतात. देशांतर्गत प्रवासाचं सुरक्षा शुल्क एप्रिल २०२१ पासून २०० रुपये आहे. ड्युटीवरच्या क्रूला त्यातून सूट आहे, त्यांच्या पाहुण्याला नाही.

कॉमर्सवाल्यांसाठी एक गंमत. नोकरीत मालकाकडून मिळणारी सोय ही 'परक्विझिट' धरून तिच्यावर कर लागतो. पण १९६२ च्या आयकर नियमांतल्या नियम ३(६) मध्ये प्रवासाच्या सवलतीपुरते दोनच नोकरदार वगळले गेले : विमान कंपनीचे आणि रेल्वेचे.

वागणूकसुद्धा तिकिटाचाच भाग

मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सने दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात घेतलं नाही. जगभर ओरड झाली. कंपनीचं उत्तर होतं : त्या कर्मचाऱ्यांच्या पासवर प्रवास करत होत्या आणि पासवाल्यांना कपड्यांचा नियम आहे, भाडं भरणाऱ्या ग्राहकांना नाही. नियम बरोबर की चूक हा वाद वेगळा. पण पासवर जाणारा माणूस कंपनीच्या नजरेत ग्राहक नसतो, घरचा असतो. म्हणून त्याच्याकडून जास्त अपेक्षा.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्टाफ रेटमध्ये तिकीट' विकायला कुणी आलं, तर लांब राहा. ही सवलत विकायला कंपन्यांत मनाई असते. उघडकीला आलं तर सवलत जाते आणि देणाऱ्याची नोकरीही जाऊ शकते. शिवाय पैसे घेऊन पळणारे भामटे वेगळेच.

जायचंच असेल तर

• लग्न, मुंज, परीक्षा, ऑपरेशन, कोर्टाची तारीख यासाठी स्टँडबाय नको. पक्कं तिकीट काढा.
• दिवाळी, मे महिना, लाँग वीकेंड टाळा. मंगळवार-बुधवार त्यातल्या त्यात बरे. दिवसाचं पहिलं विमान धरा, म्हणजे हुकलं तर पुढची हाताशी असतात.
• विमानं रद्द झाल्याची बातमी असेल तर घरीच थांबा. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. असे अडकलेले प्रवासी पुढच्या विमानांत आधी बसतात, स्टँडबायला काही उरत नाही.
• प्रत्येकाची बॅग वेगळी, शक्यतो हातातलीच. औषधं ज्याची त्याच्याजवळ.
• कोण आधी जाणार, हे घरीच ठरवा.
• इंदूरहून मुंबईला अवंतिका एक्स्प्रेस आहे, पुण्याला रात्रीच्या बस आहेत. परतीचा दुसरा मार्ग आणि त्याचे पैसे बाजूला ठेवा. जाताना जागा मिळते, येताना माणूस अडकतो.
• जायचं रद्द केलंत तर ज्याच्या नावावर तिकीट आहे त्याला लगेच कळवा. नाव यादीत तसंच राहिलं तर बोलणी त्याला बसतात.

शेवटी हिशोब साधा आहे. पक्क्या तिकिटात आपण जागेचे पैसे देतो. स्टँडबायमध्ये पैसे वाचतात आणि वेळेची जोखीम आपण घेतो. ज्या दिवशी पोहोचलो नाही तरी चालेल, त्या दिवशी हा सौदा फायद्याचा. आम्ही त्यानंतर भाचीच्या तिकिटावर दोनदा गेलो. एकदा जागा मिळाली. एकदा नाही मिळाली, तर काउंटरवरच्या मुलीला "थँक यू बेटा" म्हणून सराफ्यात जाऊन गराडू खाल्ले आणि बुऱ्हाणपूरची गाडी धरली.