बी-१२ : लाकडी अंगाची बर्फगाडी

बी-१२ दुरुस्तीला घेणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवशी पाना नसतो, स्क्रूड्रायव्हर असतो, आणि तोही स्क्रू काढायला नाही. गाडीच्या दाराखालच्या लाकडी तळपट्टीत तो टोचून बघायचा. वरचा रंग शाबूत, चकचकीतसुद्धा असेल. पण टोक मुठीपर्यंत सरळ आत गेलं तर पुढचे सहा महिने सुतारकामात जाणार हे ओळखावं. माणसं बुटांना बर्फ चिकटवूनच आत चढतात. आतल्या उबेनं तो वितळतो, पाणी फळ्यांच्या फटींतून खाली झिरपतं, रात्री पुन्हा गोठतं आणि गोठताना फुगून लाकडाचे तंतू सुटे करतं. असे वीस-तीस हिवाळे गेले की तळपट्टीचा भुगा होतो आणि वरची सगळी बॉडी रंगाच्या आणि सवयीच्या आधारावर उभी राहते.

बर्फावरची गाडी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे रणगाड्यासारखं काहीतरी लोखंडी येतं. बी-१२ तशी मुळीच नाही. लाकडाच्या सांगाड्यावर प्लायवूड वाकवून बसवलेलं, मागे निमुळतं होत गेलेलं अंग. दोन्ही बाजूंना जहाजासारख्या गोल खिडक्या. पुढे चाकांच्या जागी दोन स्की आणि मागे दोन्हीकडे रबरी पट्टे. ड्रायव्हर पुढे अगदी मधोमध बसतो. उतारू त्याच्या मागे, भिंतींलगतच्या बाकांवर. इंजिन सगळ्यात मागे. नावातला ‘बी’ बॉम्बार्डियरचा आणि बारा हा माणसांचा आकडा. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात, माँट्रियलच्या पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर वालकूर नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यातून १९४२ पासून पुढच्या दहाएक वर्षांत अशा अडीच हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या काही आजही चालतात. संग्रहालयात तर आहेतच, पण काही रोजच्या धंद्यावर आहेत, आणि मला नवल वाटतं ते त्याचं.

जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर १९०७ साली वालकूरलाच जन्मला. पंधरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला फोर्ड मॉडेल-टीचं एक मोडकं इंजिन दिलं. पोरगं चांगल्या मोटारी उघडत बसू नये, एवढाच हेतू. त्यानं भावाच्या मदतीनं ते इंजिन स्लेजवर चढवलं, मागे लाकडी पंखा लावला आणि १९२२ सालच्या अखेरीस ते धूड गावातून दामटलं. उघड्या पंख्याची ती पाती बघून वडिलांनी यंत्र ताबडतोब मोडायला लावलं. वडिलांचं चुकलं असं म्हणवत नाही.

१९२६ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं. ते गॅरेज आज वालकूरच्या संग्रहालयात जपून ठेवलं आहे. त्या काळी क्विबेकच्या खेड्यांतले रस्ते हिवाळाभर बंद असत. मोटारवाले मोटार ठोकळ्यांवर चढवून ठेवत आणि घोड्याच्या स्लेजकडे वळत. मोटारी बंद म्हणजे गॅरेजवालाही चार-पाच महिने रिकामा. बर्फात चालणारी गाडी ही त्याची पोटापाण्याचीही गरज होती, हे त्याच्या चरित्रात जरा मागे पडतं. पुढे येते ती १९३४ सालची घटना. त्याच्या दोन वर्षांच्या मुलाच्या, इव्हॉनच्या, आंत्रपुच्छाला सूज आली. रस्ते बर्फाखाली होते, दवाखाना लांब होता, आणि गॅरेजातलं प्रयोगातलं एकही यंत्र भरवशाचं नव्हतं. मूल गेलं. या दुःखातूनच बर्फगाडी जन्मली असं सांगायची पद्धत आहे. तारखा पाहिल्या तर तो त्याआधी कित्येक वर्षं या कामाच्या मागे होता. पण त्यानंतर वर्षभरात त्याला हवं ते सापडलं, हेही खरं.

जे सापडलं ते एक दातेरी चाक आणि एक पट्टा. पट्ट्यावर चालणारी वाहनं तोवर जगात होती. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम केलेल्या अडॉल्फ केग्रेसनं रबरी पट्ट्याच्या गाड्या आधीच केल्या होत्या. पुढे सिट्रोएननं त्या विकल्याही. अडचण भुसभुशीत बर्फाची होती. पट्टा आणि चाक यांच्यामध्ये बर्फ शिरतो, दाबून घट्ट होतो आणि पट्टा उतरतो किंवा तुटतो. लोखंडी पट्टा घ्यावा तर वजन इतकं वाढतं की गाडीच बर्फात रुतते. बॉम्बार्डियरनं दातेरी चाकावरच रबर चढवलं, आणि पट्टा म्हणून रबर-कापडाच्या दोन लांब पट्ट्या शेजारीशेजारी ठेवून त्यांना पोलादी आडव्या पट्ट्यांनी शिडीसारखं जोडलं. चाकाचे दाते या आडव्या पट्ट्यांना ढकलतात. मधल्या मोकळ्या जागेतून बर्फ गळून पडतो आणि रबर वाकतं, तेव्हा चिकटलेला बर्फ आपोआप सुटतो. १९३७ साली त्याला पेटंट मिळालं. सात माणसांची बी-७ त्याआधीच विकायला निघाली होती. बी-१२ तिचीच मोठी बहीण; तिला आऱ्यांच्या चाकांऐवजी भरीव तबकडीची चाकं आली, कारण आऱ्यांत बर्फ अडकून बसे.

आजच्या दुरुस्तीतला सगळ्यात जिकिरीचा भाग म्हणजे हेच दातेरी चाक आणि पट्टा. गाडीच्या बाकीच्या कुठल्याही वस्तूला पर्याय मिळतो, या जोडीला मिळत नाही. ऐंशी वर्षांचं रबर दगडासारखं कडक झालेलं असतं. दात्यांवर भेगा, मुळाशी तडे. मग जुन्या चाकाचं रबर पूर्ण सोलून धातूचा गाभा साफ करायचा, साचा करून त्यावर नवं रबर किंवा पॉलियुरेथेन ओतून घ्यायचं. पट्ट्यासाठी खाणींत आणि कारखान्यांत माल वाहणारा कन्व्हेयरचा पट्टा कापून घेता येतो. तो रुंदीला बरोबर कापणं सोपं आहे. खरी मेख भोकांच्या अंतरात असते. आडव्या पट्ट्यांमधलं अंतर दात्यांच्या अंतराशी जुळलं पाहिजे. एका भोकात केसभर फरक पडला तर दिसत नाही, पण तोच फरक प्रत्येक भोकात पडत गेला की पूर्ण फेरीत दाता पट्टीच्या मध्ये बसण्याऐवजी तिच्या डोक्यावर चढतो, गाडी कडाड् आवाज करून हिसका देते आणि नव्या रबराचा लचका जातो. म्हणून जाणता कारागीर टेपनं एकेक अंतर मोजत बसत नाही. लोखंडाची एक जिग करतो आणि सगळी भोकं तिच्यातूनच पाडतो. शिवाय नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत ताणला जातो. सुरुवातीलाच तो गच्च आवळला तर बेअरिंगं तापतात आणि इंजिनाची निम्मी ताकद पट्टा ओढण्यातच जाते. सैल सोडला तर वळणावर उतरतो. किती ताण ठेवायचा याचं उत्तर पट्टा हातानं दाबून बघणाऱ्यालाच येतं.

युद्धानंतरच्या काळात या गाडीनं खेड्यातला डॉक्टर नेला, टपाल नेलं, रुग्णवाहिका म्हणून काम केलं. तिच्या मोठ्या भावंडानं, सी-१८नं, शाळेची मुलं नेली. मग १९४८ साली क्विबेक सरकारनं ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ हिवाळ्यातही साफ करायचं धोरण घेतलं आणि गिऱ्हाईक एकदम आटलं. रस्ता मोकळा असेल तर मोटार पुरते. बॉम्बार्डियरनं मग दलदलीत आणि जंगलात चालणारा मस्केग ट्रॅक्टर काढला, १९५९ साली एक-दोन माणसांची स्की-डू काढली, आणि १९६४ साली तो वारला. पुढे त्याची कंपनी आगगाड्या आणि विमानांपर्यंत गेली. पश्चिम रेल्वेवर २०१५ पासून धावू लागलेल्या ज्या लोकलना मुंबईकर ‘बम्बार्डियर’ म्हणतात, त्यांची विद्युतयंत्रणा याच कंपनीची. चर्चगेट–विरारच्या गर्दीत लटकणाऱ्या माणसाला गाडीच्या या आडनावामागे वालकूरचं बर्फातलं गॅरेज आहे याची कल्पना असण्याचं काही कारण नाही.

आणखी एक धागा मुंबईतूनच निघतो. बी-१२च्या मागच्या टोकाला क्रायस्लरचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन असे. म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बाजूला. त्याच घराण्यातल्या इंजिनांच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवल्या. जुन्या मिस्त्रींना हे इंजिन सांगावं लागत नाही. ताकद बेताची, पेट्रोलची हाव मोठी, पण स्वभाव सोशीक. हेड म्हणजे जवळजवळ एक साधं झाकण. ते उतरवलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन समोर. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह गंजून अडकलेले असतात. घाईनं स्टार्टर मारला तर वाट लागते. आधी स्पार्कप्लगच्या भोकांतून तेल सोडून चार-आठ दिवस थांबायचं, मग हातानं फिरवून बघायचं. ही सवलत योगायोगाची नाही. बॉम्बार्डियरनं इंजिन, गिअर, डिफरन्शियल असं सगळं बाजारात मिळणाऱ्या मोटारींतलंच घेतलं. बॉडी लाकडाची, आणि मुलूख स्लेज बांधणाऱ्यांचा; प्रत्येक गावात तिला हात लावणारा सुतार होता. स्वतः गॅरेजवाला असल्यामुळे बिघाड कुठे होणार आणि तिथे कोण असणार, हे त्याला ठाऊक होतं.

ते ‘कोण’ पाहायचं तर आज मॅनिटोबात, विनिपेग सरोवराच्या काठी जावं लागतं. हे सरोवर जवळपास साडेचोवीस हजार चौरस किलोमीटरचं, आणि हिवाळ्यात ते पार गोठतं. काठच्या गिम्ली गावात १८७५ साली आइसलँडहून माणसं येऊन वसली. मासेमारी त्यांच्या हाडात होती, बर्फाखालची मासेमारी मात्र ते इथे शिकले. बर्फाला भोक पाडून जिगर नावाची फळी खाली सोडतात. दोरी ओढली की फळीवरचा पोलादी दांडा बर्फाच्या खालच्या बाजूला रेटा देतो, फळी पुढे सरकते आणि मागे दोरी नेत जाते. त्या दोरीनं मग जाळं पसरतात. उणे तीस अंशांत, काठापासून कित्येक किलोमीटर आत. तिथवर माणसं, जाळी आणि येताना मासे आणायला बी-१२ लागते. मच्छीमार तिला ‘बॉम्बर’ म्हणतात.

बॉम्बरमध्ये मूळचं इंजिन मात्र सहसा सापडत नाही. त्या जागी शेव्हरलेचं व्ही-८, जोडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. प्लायवूड सडलं तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला. गोल खिडकी फुटली तर जे मिळेल ते. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातही १९५५ पासून पर्यटकांना फिरवणाऱ्या पिवळ्या बॉम्बार्डियर होत्या, त्यांचीही इंजिनं काळाप्रमाणे बदलत गेली. शेवटी धूर आणि आवाजाच्या नव्या नियमांपुढे त्यांना निवृत्त व्हावं लागलं. मूळ रूप जपणाऱ्या संग्राहकांना असले फेरफार बघवत नाहीत. त्यांचं दुखणं मला कळतं. कारखान्यातून आली तशी उभी केलेली बी-१२ देखणी असते, आणि ती वक्ररेषा पुन्हा साधायला लाकूड वाफेवर मऊ करून साच्यावर दिवसच्या दिवस आवळून ठेवावं लागतं. मागच्या निमुळत्या भागात तर प्लायवूड एकाच वेळी दोन दिशांना वळतं. अखंड तुकडा तिथे मानत नाही, पातळ थर एकावर एक चिकटवत जावं लागतं. तळपट्टीला आता जहाजकामाचं प्लायवूड आणि इपॉक्सी वापरतात. तेवढी तडजोड कट्टर लोकही चालवून घेतात. जुना रंग घासताना खाली थरामागून थर निघतात. कुठे सरकारी खात्याचा रंग, कुठे कोण्या बसवाल्याचा. सगळ्यात तळाचा थर सापडला की संग्राहकाला वाटतं, गाडी सापडली.

मला विचाराल तर बॉम्बार्डियरच्या पद्धतीला मच्छीमार जास्त जवळ आहेत. त्यानंही बाजारात स्वस्त आणि दणकट मिळेल ते इंजिन घेतलं. १९८० साली गाडी बांधली असती तर त्यानंही व्ही-८च बसवलं असतं. पट्टा आणि दातेरी चाक ही जोडी मात्र मच्छीमारही बदलत नाहीत. छपरातली झडपही नाही. बर्फ फुटून गाडी पाण्यात गेली तर दारं पाण्याच्या दाबानं उघडत नाहीत, तेव्हा वरच्या या झडपेतून बाहेर पडायचं असतं. जुन्या गाडीत ती रंगाच्या थरांनी हमखास चिकटलेली असते. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीत ती तशीच राहिली तरी कुणी विचारत नाही. सरोवरावर जाणाऱ्या गाडीत मोसमाआधी बिजागरी उघडून, ग्रीस लावून ती आतून एका धक्क्यात उघडते का ते बघतात. त्याच वेळी स्कीच्या तळाची पोलादी धारही बदलतात. ती झिजली की उघड्या बर्फावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

सुटे भाग येतात ते गोठ्यामागे, झुडपांत टाकलेल्या सांगाड्यांतून. दोन-तीन मोडक्या गाड्यांतून एक चालती होते. आता हाच सांगाडा संग्राहकालाही हवा असतो, आणि त्याच्याकडे पैसे जास्त असतात. त्यामुळे कुठल्या शेतात कुठली गाडी पडली आहे हे ठाऊक असलेला मच्छीमार ते सहसा कुणाला सांगत नाही.