परड्यातली सावली

कोल्हापुरात नवं घर बांधलं की पहिली मागणी असते ती लवकर सावली देणाऱ्या झाडाची, आणि रोपवाटिकेतून हमखास घरी येतो गुलमोहर. तो मूळचा मादागास्करचा. वाढतो झपाट्याने, फुलतोही देखणा. पण फांद्या ठिसूळ आणि मुळं वरवरची. मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात तो मोडून पडतो. पर्जन्यवृक्षाचा पसारा तर शाळेच्या मैदानालाच शोभावा.

माझं मत करंजाला. झाड इथलंच, पाणी कमी-जास्त झालं तरी तग धरणारं. फाल्गुनाच्या सुमारास पानगळ होते आणि ऊन तापेपर्यंत पोपटी, चकचकीत पालवी दाट झालेली असते. गुलमोहरापेक्षा वर्ष-दोन वर्षं जास्त थांबावं लागेल, एवढंच. जागा ऐसपैस असेल तर कदंबही चालेल. झाड घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून निदान पंधरा फूट लांब लावा. दुपारनंतरचं ऊन तिकडूनच येतं.

गवताचं म्हणाल, तर उसाच्या फडात ज्या हरळीमागे आपण खुरपं घेऊन लागतो, तीच अंगणात सगळ्यात चिवट. जूनमध्ये कांड्यांचे तुकडे पेरले तरी पसरते. मात्र तिला लख्ख ऊन लागतं. करंजाखाली ती विरळच होणार, तिथे फरशी किंवा मुरूम बरा.

आणि जागा विचार करूनच निवडा. शहरात झाड स्वतःच्या आवारातलं असलं, तरी 1975 च्या कायद्यानुसार ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.